व्हाइट वॉटर कयाकिंग : खळाळातलं साहस आणि नदीची बाजू

सरितासंगे
नमस्कार मंडळी. राफ्टिंगवर इथे भरपूर लिहून झालंय. कयाकिंगवरचे धागे मात्र मोजकेच, आणि तेही धरणाच्या फुगवट्यातल्या संथ पाण्याचे. हा धागा खळाळत्या पाण्यातल्या एकट्याच्या कयाकचा, म्हणजे दोन पात्यांच्या वल्ह्याने चालवायच्या अरुंद, वरून बंद होडीचा.

हल्ली जाहिरातींत हा प्रकार "पर्यावरणस्नेही साहस" म्हणून खपवला जातो. इंजिन नाही, धूर नाही, आवाज नाही, मग झालं पर्यावरणस्नेही! मला हे अर्धंच खरं वाटतं. होडी स्वच्छ असते, सहल स्वच्छ असेलच असं नाही.

तीन गोष्टींवर माहिती हवी आहे. रायगड जिल्ह्यातल्या कोलाडची कुंडलिका नदी नवशिक्यांसाठी योग्य आहे का? शिकण्याचा क्रम आणि सामान काय? आणि नदीला, काठच्या गावाला त्रास न देता हे करायचं म्हणजे नक्की काय करायचं? "आम्ही गेलो, फार मजा आली" असे प्रतिसाद कृपया नकोत. दुसऱ्याला वापरता येईल अशी माहिती लिहा.

वल्हेकरी
धागा आवडला. शिकण्याच्या क्रमापासून सुरुवात करतो, कारण नव्वद टक्के गोंधळ तिथेच होतो. लोक थेट नदीत उतरतात.

पहिली पायरी तलावात किंवा पोहण्याच्या टाकीत, छातीभर पाण्यात. तिथे आधी शिकायचं ते होडी उलटल्यावर बाहेर पडणं. वल्हवणं नंतर. उलटलात की पुढे वाका, कपाळ जवळजवळ होडीच्या वरच्या पृष्ठभागाला लागेल इतकं. याने तोंड आणि छाती दगडांपासून वाचते. मग दोन्ही हातांनी होडीच्या तळावर तीन थापा मारा. सोबत्याला इशारा मिळतो आणि आपलं डोकं ठिकाणावर येतं. मग स्प्रे स्कर्टचा, म्हणजे कमरेभोवती घालून होडीच्या तोंडावर ताणून बसवायच्या झाकणाचा, पुढचा पट्टा पकडून आधी पुढे आणि मग वर ओढा. हात कडेवर ठेवून घट्ट पँट उतरवावी तसं स्वतःला होडीतून काढा. मागे रेलून निघायला गेलं की मांड्या अडकतात, आणि घाबरण्याचं मूळ तेच.

स्कर्ट लावताना तो पट्टा बाहेर राहिलाय ना, हे हाताने चाचपून बघायचं. नुसतं डोळ्यांनी नाही. पट्टा आत दुमडला गेला तर पाण्याखाली तो सापडत नाही.

दुसरी पायरी कंबरेचा झटका. टाकीची कड किंवा सोबत्याच्या होडीचं टोक धरून होडी उलटी करायची आणि फक्त गुडघ्याने ओढून सरळ करायची. हातावर भार येत असेल तर चुकतंय. हे दोन्ही बाजूंनी जमलं की तिसरी पायरी, रोल.

नवशिका
रोल म्हणजे तोच ना, उलटी झालेली होडी आत बसल्या बसल्या सरळ करायची? तो आल्याशिवाय नदीत उतरायचंच नाही का?

वल्हेकरी
@नवशिका, हो, तोच. खळाळांच्या एक ते सहा श्रेणी असतात, आकडा मोठा तितकं पाणी अवघड. पहिल्या-दुसऱ्या श्रेणीच्या पाण्यात, खाली लांब डोह असेल आणि पाण्यात पडलेल्याकडे फेकायच्या दोराची पिशवी घेतलेला जाणकार काठावर उभा असेल, तर रोलशिवायही शिकता येतं. उलटलात की बाहेर पडून पोहायचं. तिसऱ्या श्रेणीपासून मात्र रोल हवाच.

उजव्या हाताचा रोल असा. पुढे वाकून वल्हं होडीच्या डाव्या अंगाला समांतर धरायचं, दोन्ही मनगटं पाण्याबाहेर. मग पुढचं पातं पाण्याच्या पृष्ठभागालगत बाहेरच्या बाजूला कमानीत फिरवायचं आणि त्याच वेळी उजवा गुडघा वर खेचायचा. आधी होडी सरळ होते, मग धड, आणि डोकं सगळ्यात शेवटी. रोल फसला तर दहापैकी आठ वेळा कारण एकच असतं: श्वासाच्या घाईत डोकं आधी वर काढलं. नजर पात्यावर ठेवली की डोकं आपोआप खाली राहतं.

कुंडलिका_काठ
कोलाडबद्दल. नवशिक्यांसाठी महाराष्ट्रात याहून सोयीची नदी नाही. साजे गावापासून खाली साधारण १२ ते १४ किलोमीटरचा पट्टा आहे. खळाळ बहुतेक दुसऱ्या श्रेणीचे, काही तिसऱ्या श्रेणीचे, आणि बऱ्याच खळाळांखाली शांत पाणी. राफ्टच्या ताफ्याबरोबर सुटकेसाठी जी छोटी होडी असते ती हीच कयाक.

पण पाणी दिवसभर नसतं, हे आधी समजून घ्या. भिऱ्याच्या वीजगृहातून जनित्रं चालली की पाणी सुटतं. ते सहसा सकाळी येतं आणि दुपारपर्यंत ओसरतं. वेळ विजेच्या मागणीप्रमाणे बदलते, त्यामुळे आदल्या संध्याकाळी फोन करून खात्री केल्याशिवाय घरून निघू नका. पाणी नसताना पात्रात नुसते धोंडे असतात आणि होडीचा तळ खरवडून निघतो.

आणि काठावर थांबलात तर सामान पाण्यालगत ठेवू नका. पाणी येतं ते बिनआवाजी येतं. पाण्याच्या कडेला एक खडा ठेवायचा. पाच-दहा मिनिटांत तो बुडाला तर पाणी चढतंय. पाला, काटक्या, फेस वाहून यायला लागला, पाणी गढूळलं, की समजा वरून आणखी येतंय.

भुईकोट
आता मूळ प्रश्नाला हात घालतो, थोडं कडू वाटलं तरी चालेल.

कुंडलिकेतलं हे पाणी कुंडलिकेचं नाहीच. ते मुळा नदीचं, म्हणजे भीमेच्या, पर्यायाने कृष्णेच्या खोऱ्यातलं. मुळशी धरणात अडवायचं, बोगद्यातून आणि नळांतून सह्याद्रीच्या कड्यावरून सुमारे ५०० मीटर खाली सोडायचं आणि भिऱ्याला वीज करायची. १९२७ पासून हे चालू आहे. पूर्वेला जाणारं पाणी पश्चिमेला वळवलं आणि ते रेवदंड्याला समुद्राला मिळतं. मुळशीकरांच्या जमिनी बुडाल्या, त्याविरुद्ध सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली १९२१ ते १९२४ मुळशी सत्याग्रह झाला. अशा पाण्यावर होडी घालायची आणि त्याला "निसर्गाच्या कुशीत" म्हणायचं, हे मला पटत नाही.

मेघदूत२१
भुईकोट, इतिहास बरोबर आहे. पण त्यातून कयाक चालवणारा दोषी कसा ठरतो? पाणी विजेसाठी सुटतं. कयाकवाला आला नाही तरी तेवढंच सुटणार. तो एक थेंबही जास्त मागत नाही.

भुईकोट
दोषी म्हटलेलंच नाही. "पर्यावरणस्नेही" हे विशेषण उचलून लावू नका एवढंच म्हणणं आहे. रोज पाणी एकदम चढतं आणि एकदम उतरतं, हे नदीला नैसर्गिक नाही. कडेच्या उथळ पाण्यातली माशांची पिल्लं पाणी उतरलं की डबक्यांत अडकतात. काठ ओला-कोरडा होत राहतो, त्यामुळे तिथे काही धड रुजत नाही. कयाकवाल्याने हे बघावं आणि बोलावं. नदीच्या इतक्या जवळ दुसरं कोण जातं?

सरितासंगे
शेवटचं वाक्य लाखमोलाचं आहे. सहमत.

अटलांटिकपार
अमेरिकेतलं एक उदाहरण देतो, कारण ते याच वादाचं आहे. वेस्ट व्हर्जिनियात गॉली नदीवर समर्सव्हिल धरण आहे. १९८६ साली अमेरिकेच्या संसदेने कायद्याने व्हाइट वॉटर हे त्या धरणाच्या उद्दिष्टांपैकी एक ठरवलं. तेव्हापासून दर शरदात, लेबर डेनंतरच्या (सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारची सुट्टी) शुक्रवारी सुरुवात करून, काही आठवडे आठवडाअखेरच्या ठरलेल्या दिवशी पाणी सोडलं जातं. वेळापत्रक आधी जाहीर होतं आणि परिसरातल्या गावांची वर्षाची मोठी कमाई त्या आठवड्यांत होते.

मुद्दा असा की पाणी कधी, किती आणि किती हळूहळू सोडायचं यावर नदी वापरणारे बोलू शकतात. तिकडे वीज प्रकल्पांच्या परवान्यांच्या नूतनीकरणात कयाकवाले आणि मासेमार एकाच टेबलाशी बसतात. पाणी एकदम न सोडता टप्प्याटप्प्याने चढवा-उतरवा, ही मागणी दोघांचीही असते.

उलट बाजूही सांगतो. लंडनच्या २०१२ ऑलिंपिकसाठी ली व्हॅलीत बांधलेला कृत्रिम प्रवाह ३०० मीटर लांब, उतार साडेपाच मीटर, आणि पाणी सेकंदाला १३ घनमीटर. ते सगळं पाणी पंपाने पुन्हा वर चढवावं लागतं. सराव उत्तम होतो, पण ती वीज खाणारी जागा आहे. त्यापुढे भिऱ्याचं आयतं सुटलेलं पाणी मला तरी कमी खर्चाचं वाटतं.

नवशिका
१३ घनमीटर म्हणजे आपल्या भाषेत किती? पेपरात सगळं क्युसेकमध्ये येतं.

पाथरवट
१ क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर. १ घनमीटर म्हणजे साधारण ३५ क्युसेक. म्हणून १३ घनमीटर म्हणजे सुमारे ४६० क्युसेक. पावसाळ्यात "धरणातून १० हजार क्युसेक विसर्ग" अशी बातमी येते तेव्हा सेकंदाला २८३ घनमीटर, म्हणजे २८३ टन पाणी. नदीची कुंडली वाचायची तर क्युसेक हीच जन्मवेळ :)

दुसरं गणित वेगाचं. पाण्याचा वेग दुप्पट झाला की अंगावरचा जोर चौपट होतो. गुडघाभर वाहत्या पाण्यात माणूस ओढला जातो तो यामुळे. पाण्यात पडलात तर उभं राहायचा प्रयत्न करू नका. दगडाच्या फटीत पाऊल अडकतं, प्रवाह अंग पुढे ढकलतो आणि तोंड पाण्याखाली जातं. पाणी कमरेइतकंच असतं तरी माणूस जातो. उताणं व्हायचं, पाय पुढे आणि पाण्याच्या वर, ढुंगण उचललेलं, आणि हातांनी मागे वल्हवत कडेला सरकायचं. संधी दिसली की पालथं होऊन जोरात पोहायचं.

वल्हेकरी
पाथरवट यांना +१. त्यात अपवाद एकच. समोर पाण्यात आडवं झाड, बांबूचं बेट किंवा फांद्यांचा कचरा अडकलेला दिसला, पाणी त्याच्यातून आरपार जातंय आणि टाळणं अशक्य आहे, तर पाय पुढे ठेवायचे नाहीत. वळायचं, डोकं पुढे करून जोरात पोहायचं आणि शेवटच्या क्षणी अंग वर फेकून त्याच्यावर चढायचं. पाय पुढे असले की प्रवाह माणसाला फांद्यांखाली ओढतो. चाळणीतून पाणी जातं, चहापत्ती अडकते, तसं. कोकणातल्या नद्यांवर पावसाळ्यानंतर काठचे बांबू प्रवाहात झुकलेले असतात. मोठ्या खळाळापेक्षा त्यांची धास्ती जास्त ठेवा.

मेघदूत२१
धोक्यांची गोष्ट निघालीच आहे तर कोल्हापुरी बंधाऱ्याबद्दल लिहायलाच हवं. परदेशी पुस्तकांत हा प्रकार सापडणार नाही. पावसाळ्यात बरगे (खांबांमधले गाळे बंद करायच्या फळ्या) काढलेले असतात, पाणी खांबांमधल्या मोकळ्या गाळ्यांतून जातं. लांबून वाटतं, सुटलो, मधून निघून जाऊ. पण खांबांना ओंडके आणि झाडंझुडपं अडकलेली असतात, गाळा होडीच्या लांबीपेक्षा अरुंद असू शकतो आणि होडी आडवी झाली की खांबावर दुमडते. पावसाळा संपला की बरगे टाकतात. मग पाणी वरून सरळ रेषेत पडतं आणि पायथ्याशी आख्ख्या रुंदीभर उलटं फिरतं. ते पाणी माणसाला परत भिंतीकडे खेचतं, पुन्हा खाली दाबतं, पुन्हा वर काढतं. नैसर्गिक खळाळातल्या अशा खड्ड्याला कुठेतरी कड असते, तिथून सुटता येतं. बंधाऱ्याला दोन्ही टोकांशी भिंत असते.

नियम सरळ आहे. बंधारा दिसला की बऱ्यापैकी आधी काठाला लागा, होडी खांद्यावर घ्या, चालत खाली जा. प्रवाहाच्या वरच्या बाजूने होडीतून बघताना बंधाऱ्याची भिंत दिसतच नाही, फक्त एक सपाट आडवी रेघ दिसते आणि पलीकडच्या झाडांचे बुंधे गायब असतात. कुंडलिकेवरही खाली डोलवहाळचा बंधारा आहे. उतरायची जागा आधी गाडीने जाऊन पाहून ठेवा.

स्टेथो
दोन वैद्यकीय मुद्दे.

एक, खांदा. या खेळातली ठरलेली दुखापत म्हणजे खांदा निखळणं. होडी कलंडताना माणूस वल्हं डोक्यावर उंच धरून पाण्यावर टेकवतो, हात मागे जातो आणि सांधा सुटतो. कोपर खांद्याच्या खाली आणि हात कायम छातीच्या समोर ठेवा. छाती, वल्हं आणि दोन हात मिळून होणारी चौकट मोडू द्यायची नाही. मागे वळायचं असेल तर कमरेतून आख्खं धड वळवा. निखळलाच तर काठावर कुणी ओढून बसवू नये. हात आहे त्या स्थितीत झोळीने बांधा आणि रुग्णालयात न्या.

दोन, लेप्टोस्पायरोसिस. कोकणात पावसाळ्यात हा आजार असतो. उंदरांच्या, गुरांच्या मुतातून जंतू पाण्यात येतात आणि कातडीवरच्या जखमेतून शिरतात. पायाला चीर असेल तर गढूळ पाण्यात उतरू नका. नंतर दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्यांत दुखणं, डोळे लाल असं झालं तर डॉक्टरांना "नदीच्या पाण्यात होतो" हे आपणहून सांगा. निदान त्या एका वाक्याने लवकर होतं.

अवांतर: मार्च-एप्रिलमध्ये भिऱ्याचा पारा राज्यात वरच्या क्रमांकावर असतो. पाण्यात असूनही उष्माघात होऊ शकतो, कारण अंगावर रबरी कपडे आणि डोक्यावर हेल्मेट. दोन लिटर पाणी, लिंबू-मीठ-साखर बरोबर ठेवा.

नवशिका
सामानाची यादी कुणीतरी द्या ना. भाड्याने घेताना काय तपासायचं?

पाथरवट
यादी देतो, पण प्रत्येक वस्तूत काय बघायचं तेही लिहितो. नुसती यादी निरुपयोगी असते.

होडी: खळाळात शिकायला अडीच मीटरच्या आसपास लांबीची, गोलसर टोकांची, वर उचललेल्या नाकाची. सहा फुटी खेळकर होड्या नवशिक्याला सारख्या उलटतात. पाय टेकायची फळी, मांडीचे आकडे, कंबरेच्या गाद्या, पाठीचा पट्टा हे सगळं अंगाबरोबर बसलं पाहिजे. कंबर हलवली की होडी हलली पाहिजे. सैल असेल तर फोमचे तुकडे कापून भरा. मागच्या पोकळीत हवेच्या पिशव्या आहेत ना ते बघा. नसतील तर उलटल्यावर होडीत सहज २०० लिटरहून जास्त पाणी भरतं. मग ती होडी राहत नाही, प्रवाहात सुटलेला दोनशे किलोचा ओंडका होतो.

लाइफ जॅकेट: खांद्याचे पट्टे धरून कुणाला तरी वर ओढायला सांगा. कानापर्यंत आलं तर मोठं आहे. जॅकेटच्या तरंगशक्तीला युरोपीय मानकात किमान ५० न्यूटन लागतात, खळाळासाठी ७०च्या आसपास चांगले. फोम दाबून बघा, कडक झाला असेल किंवा चुरा होत असेल तर घेऊ नका. हेल्मेट कपाळ झाकणारं हवं, मागे सरकणारं नको. वल्हं साधारण १९० ते २०० सेंटिमीटर. दोराची पिशवी १५ ते २० मीटरची, तरंगणाऱ्या दोराची. वापरल्यावर दोर वेटोळी न करता मूठ मूठ आत कोंबायचा, वेटोळी केली की फेकताना गुंता होतो. फेकायचा तो पोहणाऱ्याच्या डोक्यावरून पलीकडे, म्हणजे दोर त्याच्या छातीवर पडेल. त्याने दोर हाताला गुंडाळायचा नाही, खांद्यावरून घेऊन उताणं व्हायचं. शिट्टी, एकच लांब म्हणजे लक्ष द्या, तीन म्हणजे संकट.

आणि सगळ्यात छोटी वस्तू: मागच्या टोकाजवळचं बूच. पाणी काढायला ते उघडतात आणि लावायला विसरतात. होडी हळूहळू जड होते, वळेनाशी होते, मागचं टोक बुडतं आणि माणूस आपलं तंत्र चुकतंय असं समजत राहतो. बूच हरवलं तर काटकीला कापड गुंडाळून ठोका, वरून चिकटपट्टी.

मुठाकाठ
पर्यावरणाच्या प्रश्नाला माझं उत्तर याच बुचाशी आहे.

पुण्यात मुळा-मुठेत, पवनेत जलपर्णी माजते. तिचा छोटा तुकडा, अगदी एका पानाचं रोप, दुसऱ्या पाण्यात गेला तरी फुटतो. पुण्यात सराव केलेली होडी तशीच उचलून घाट उतरून कोकणातल्या नदीत घातली, तर सीटखाली साचलेल्या पाण्यातून काय काय गेलं ते दिसतही नाही. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर २००४ साली डिडिमो नावाचं शेवाळ सापडलं. ते एका नदीतून दुसऱ्या नदीत होड्या, बूट, मासेमारीच्या सामानावरून पसरतं. तिथे "बघा, धुवा, वाळवा" अशी सरकारी मोहीमच आहे.

इथे करायचं ते असं. नदीतून बाहेर आल्यावर त्याच काठावर बूच काढून होडी पूर्ण रिकामी करा, सीटखाली आणि फोमच्या फटींत हात घालून मुळं-पानं काढा, स्पंज फिरवा. हे पाणी त्याच नदीच्या काठी मुरू द्या, दुसरीकडे नको. घरी होडी, बूट, स्कर्ट कडक उन्हात वाळवा. बुटाचे तळवे सगळ्यात शेवटी वाळतात.

आणखी एक. होडी प्लास्टिकची असते. दगडावरून फरफटत नेली की तिचा कीस नदीत पडतो. दोघांनी दोन टोकं धरून उचला. यात होडीही जास्त वर्षं टिकते.

पाथरवट
टिकण्यावरून: तळाला चीर गेली म्हणून होडी फेकू नका. चिरेच्या दोन्ही टोकांना ५-६ मिलिमीटरचं भोक पाडा म्हणजे ती पुढे जात नाही. मग आतून-बाहेरून घासून, कोरडं करून, गच्चीच्या गळतीला वापरतात ती डांबरी पट्टी थोडी तापवून दाबून बसवा. त्यावर मोसम निघतो. कायमचं करायचं तर त्याच जातीच्या प्लास्टिकच्या सळईने गरम हवेचं वेल्डिंग. मात्र क्रॉसलिंक्ड प्रकारचं प्लास्टिक वितळत नाही, त्याचं वेल्डिंगही होत नाही आणि ते वितळवून पुन्हा वापरातही येत नाही. नवी घेताना साध्या, लिनियर प्रकाराचीच मागा.

सत्तरीकर
कोलाडपलीकडचे पर्याय थोडक्यात. गोव्यात वाळपईच्या बाजूला म्हादईवर पावसाळ्यात राफ्टिंग चालतं. पाणी पावसाचं, धरणाचं नव्हे, त्यामुळे रोज वेगळं. भुईकोट यांच्या प्रश्नाचं दुसरं टोक इथे आहे: म्हादईचं पाणी वळवण्याचा वाद चालू आहे आणि वळलं तर हे खळाळही आटतील. कर्नाटकात गणेशगुडीला काळी नदी, सुपा धरणाखाली. दांडेलीच्या बाजूला काळीत मगरी आहेत, तेव्हा संथ डोहात पाय सोडून बसू नका. तीच गोष्ट महाडच्या सावित्रीची आणि चिपळूणच्या वाशिष्ठीची.

पावसाळी कयाकिंग खऱ्या अर्थाने बघायचं असेल तर केरळात कोझिकोड जिल्ह्यात तुषारगिरीला जा. चालिपुळा आणि इरुवंजिपुळा नद्यांवर २०१३ पासून मलबार रिव्हर फेस्टिव्हल होतो, देशोदेशीचे कयाकवाले येतात. पाणी चौथ्या श्रेणीपर्यंत जातं, नवशिक्याने काठावरून बघावं. काठावरूनही खूप शिकता येतं, कोण कुठल्या दगडामागे थांबतो ते पाहत राहा.

नवशिका
दगडामागे थांबतात म्हणजे? प्रवाहात होडी थांबते कशी?

वल्हेकरी
चांगला प्रश्न, कारण कयाकिंगचं मर्म तेच. पाण्याबाहेर आलेल्या धोंड्याच्या खालच्या अंगाला पोकळी होते आणि ती भरायला पाणी उलटं, वरच्या दिशेला वाहतं. त्याला एडी म्हणतात. तिथे होडी वल्हं न मारता उभी राहते. तिथून पुढचा तुकडा बघायचा, श्वास घ्यायचा, सोबत्याची वाट बघायची. नदी अशी धोंड्याधोंड्याने उतरायची असते.

एडी आणि प्रवाह यांच्यामध्ये फेसाची, बारक्या भोवऱ्यांची एक रेघ दिसते. नवशिके उलटतात ते या रेघेवर. एडीतून प्रवाहात जाताना नाक वरच्या धारेकडे, रेघेशी साधारण ४५ अंश, वेग घेऊन रेघ ओलांडायची आणि लगेच खालच्या धारेकडे झुकायचं, सायकल वळवताना झुकतो तसं. वरच्या धारेकडची कड उचललेली राहिली पाहिजे. ती बुडाली की प्रवाह तिच्यावर चढतो आणि पापणी लवायच्या आत होडी उलटी. धोंड्यावर आडवे आदळलात तर मन मागे खेचतं, तरीही धोंड्याकडे झुका, त्याला मिठी मारा. दूर झुकलात की तीच कड बुडते.

भुईकोट
एवढं वाचून माझं मत थोडं बदललंय. कयाकवाल्याला नदीचा प्रत्येक धोंडा ओळखावा लागतो. मग त्याने धोंड्याचं नावही विचारावं. ऋषिकेशच्या खळाळांची नावं बघा: गोल्फ कोर्स, रोलर कोस्टर, डबल ट्रबल, रिटर्न टू सेंडर. काठच्या गावांनी कोंडांना, डोहांना आपली नावं दिलेली असतात. ती कुणी नकाशावर लिहीत नाही.

कुंडलिका_काठ
बरोबर. आणि गावाच्या बाजूने आणखी सांगतो. पाणवठ्यावर बायका कपडे धूत असतील तर तिथे होडी लावू नका, हेल्मेटवरचा कॅमेरा बंद करा. मासेमारीची जाळी दिसली तर वळसा घाला, तुटलं तर भरपाई द्या. उन्हाळ्यात पात्रातल्या वाळूच्या, खडकाच्या बेटांवर नदी सुरय आणि टिटव्या जमिनीवरच अंडी घालतात. जेवायला त्या बेटांवर उतरू नका, पक्षी उठला की अंडी उन्हात भाजतात. जेवण गावातल्या घरी घ्या, पैसे गावात राहतात. वाटाड्या, गाडी, होडी उचलायला मदत, सगळं स्थानिक मिळतं.

ऋषिकेशचा विषय निघालाय म्हणून: २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादाने तिथे नदीकाठच्या वाळूवरच्या तंबूंवर बंदी आणली, राफ्टिंग मात्र चालू ठेवलं. यात उत्तर दडलंय. नदीला होडीचा त्रास कमी, काठावरच्या संडास, स्वयंपाक, गाणी, दिव्यांचा जास्त.

सरितासंगे
हेच मला शोधायचं होतं. त्यात प्रवासाची भर घालते. चार जण चार गाड्यांनी पुण्या-मुंबईहून आले तर दिवसभराच्या बिनइंजिनाच्या होडीचा काय उपयोग? कोलाडला कोकण रेल्वेचं स्थानक आहे आणि मुंबई-गोवा महामार्गावर एसटी थांबते. अडीच मीटरची होडी गाडीच्या टपावरच जाणार, म्हणून स्वतःची आणायच्या फंदात न पडता तिथलीच भाड्याने घ्या. आयोजक निवडताना राज्याच्या २०२१च्या साहसी पर्यटन धोरणाखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आहे का ते विचारा.

मेघदूत२१
आणि हेही विचारा: शिकवणारा पाण्यात तुमच्याबरोबर असतो की काठावरून ओरडतो? एका शिक्षकामागे किती जण? कयाक शिकताना एका शिक्षकामागे चाराच्या वर जण असतील तर नको म्हणा. तीन होड्यांपेक्षा कमी ताफा नदीत उतरवू नये. एक उलटला, तर एक त्याला बघतो आणि तिसरा होडीमागे जातो.

नवशिका
सगळ्यांचे आभार, वाचनखूण साठवली. आधी टाकीत सराव करतो. बाहेर पडणं किती वेळा जमलं म्हणजे नदीकडे निघायचं?

वल्हेकरी
आकड्यावर जाऊ नका. उलटल्यावर तीन थापा मारून, पाण्याखाली सावकाश पाचपर्यंत मोजून मग पट्टा ओढता आला, आणि वर आल्यावर एका हातात वल्हं आणि दुसऱ्या हातात होडी असली, की निघा. वल्हं सुटत असेल तर अजून टाकीतच.

कुंडलिका_काठ
@नवशिका, निघायच्या आदल्या संध्याकाळी पाण्याची वेळ विचारायला विसरू नका. आणि साजेला पोचलात की काठावरच्या कुणा जाणत्या माणसाला पहिल्या कोंडाचं नाव विचारा, इथे येऊन लिहा. यादी आपण याच धाग्यावर करू.